शब्दाचा धनी कोण?

नाटकातील सत्ता म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे प्रथम सिंहासन, तलवार आणि राजमुद्रा उभी राहते. शेक्सपिअर आणि खाडिलकर यांच्या नाटकांवर वाढलेल्या मनाची ती सवयच आहे. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या अमेरिकन नाटकात मात्र राजे नाहीत, सेनापती नाहीत आणि दरबारही नाही. तेथे दोन खोल्यांचे भाड्याचे बिऱ्हाड आहे, एका प्राध्यापकाची बैठकीची खोली आहे, जमिनीच्या दलालांची कचेरी आहे, ध्वनिमुद्रिका तयार करणारा एक स्टुडिओ आहे. तरीही सत्तेचा झगडा तेथे दरबारातल्याइतकाच निकराने चालतो. त्याचे शस्त्र एकच, बोलणे. कोणी बोलायचे, कोणाचे बोलणे खरे मानायचे, आणि कोणाच्या बोलण्याचा कागद करून त्यावर सही घ्यायची, यावर या नाटकांतील माणसांचे जगणेमरणे ठरते.

ही नाटके पडद्यावर गेली तेव्हा हाच झगडा नाटकाच्या चौकटीबाहेर पडला. पात्रांच्या तोंडचे वाक्य राहील की जाईल, हे आता नाटककार ठरवीत नव्हता. चित्रसंस्था, नीतिरक्षकांच्या संघटना आणि कधीकधी राजकारणी पुढारीही त्यात आपला वाटा मागू लागले. म्हणून अमेरिकन नाटकांच्या चित्रपटरूपांचा इतिहास हा केवळ रूपांतराच्या कलेचा इतिहास नव्हे. शब्दाचा धनी कोण, या एका प्रश्नाभोवती तो फिरत आला आहे, आणि त्या दृष्टीनेच तो येथे पाहावयाचा आहे.

या प्रश्नाची मुळे व्यवहारात आहेत, हे आधी सांगितले पाहिजे. १९२६ साली अमेरिकेतील नाटककारांच्या संघटनेने निर्मात्यांकडून एक करार मान्य करून घेतला. त्यान्वये नाटकाची मालकी लेखकाकडेच राहिली आणि त्याच्या संमतीवाचून संहितेतील शब्द बदलण्यास निर्मात्याला मज्जाव झाला. चित्रपटाच्या लेखकाला असे संरक्षण कधीच लाभले नाही. तो पगार घेऊन लिहितो, आणि लिहिलेले सारे चित्रसंस्थेच्या मालकीचे होते. याच्या जोडीला कायद्याचा निवाडाही होता. १९१५ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने चित्रपट हा निव्वळ धंदा ठरविला आणि भाषणस्वातंत्र्याची घटनात्मक हमी त्याला नाकारली. तो निर्णय १९५२ पर्यंत टिकला. या काळात चित्रधंद्याने स्वतःवरच एक नीतिसंहिता लादून घेतली. ती १९३० साली तयार झाली आणि १९३४ पासून जोसेफ ब्रीन यांच्या कार्यालयामार्फत कडकपणे अमलात आली. त्याच सुमारास कॅथलिक धर्मीयांची ‘लीजन ऑफ डीसेन्सी’ ही संघटना उभी राहिली. तिने एखादा चित्रपट निषिद्ध ठरविला की लक्षावधी प्रेक्षक दूर राहत. न्यूयॉर्कच्या रंगभूमीवर संहिता आगाऊ तपासून घेण्याची पद्धत नव्हती. तेव्हा एकच वाक्य नाट्यगृहात मोकळेपणी बोलता येई आणि शेजारच्या चित्रगृहात ते गुन्हा ठरे, अशी विलक्षण परिस्थिती निर्माण झाली.

तिचा पहिला मोठा बळी टेनेसी विल्यम्स यांचे ‘अ स्ट्रीटकार नेम्ड डिझायर’ हे नाटक. ते ३ डिसेंबर १९४७ रोजी न्यूयॉर्कमध्ये एलिया कझान यांच्या दिग्दर्शनाखाली रंगभूमीवर आले. न्यू ऑर्लिन्समधील एका गरीब वस्तीत बहिणीच्या घरी आश्रयाला आलेली ब्लांश ही एके काळी इंग्रजीची शिक्षिका होती. वाडवडिलांची इस्टेट गेली, नोकरी गेली, अब्रूही गेली. उरली ती फक्त भाषा. अलंकारांनी नटलेली, फ्रेंच शब्दांची पखरण असलेली ती भाषा ती दिव्यावरच्या कागदी कंदिलाप्रमाणे उघड्या वास्तवावर पांघरते. मेहुणा स्टॅन्ली कोवाल्स्की हा पोलिश वंशाचा, रांगडा, कष्टकरी वर्गातला गडी. त्याच्या बोलण्याला डौल नाही. पण लुइझियाना राज्यात चालणाऱ्या नेपोलियनच्या कायद्याचे एक कलम त्याने कोठेतरी ऐकले आहे. बायकोची मालमत्ता ती नवऱ्याची, एवढेच त्याला त्यातून उमगले आहे. त्या बळावर तो ब्लांशच्या पेटीतले कागद उपसतो. एकीकडे काव्य आणि दुसरीकडे कायद्याची अर्धीमुर्धी ओळख, अशा दोन भाषांची ही लढाई आहे, आणि ती कोण जिंकणार हे पहिल्या अंगमस्तीतच कळून चुकते.

परंतु विल्यम्स यांचा खरा घाव शेवटी आहे. स्टॅन्ली ब्लांशवर बलात्कार करतो. ती बहिणीला ते सांगते. बहीण स्टेला त्यावर विश्वास ठेवायचा नाही असे ठरविते, कारण विश्वास ठेवला तर या पुरुषाबरोबर संसार करणे तिला शक्य होणार नाही. ब्लांशचे सांगणे खोटे पडत नाही, ते गैरसोयीचे ठरते. आणि गैरसोयीचे सत्य सांगणाऱ्या बाईची रवानगी वेड्यांच्या इस्पितळात होते. तिच्या विधानाची किंमत तिच्या सत्यतेवरून ठरली नाही. घरात पोट कोण भरतो, यावरून ती ठरली.

१९५१ साली कझान यांनीच या नाटकाचा चित्रपट केला. मार्लन ब्रँडो, किम हंटर आणि कार्ल माल्डन हे रंगभूमीवरचे नट त्यात होते. ब्लांशच्या भूमिकेत मात्र जेसिका टँडीऐवजी व्हिव्हियन ली आली. ब्रीन यांच्या कार्यालयाने दोन ठिकाणी बोट ठेवले. पहिले स्थळ ब्लांशच्या तरुण पतीचे. मूळ नाटकात त्याचे दुसऱ्या पुरुषाशी असलेले संबंध तिच्या नजरेस पडतात, नृत्य चालू असताना ती आपली शिसारी त्याला बोलून दाखविते, आणि तो स्वतःवर गोळी झाडून घेतो. म्हणजे ज्या स्त्रीच्या शब्दावर पुढे कोणी विश्वास ठेवणार नाही, तिच्याच एका शब्दाने पूर्वी एक जीव घेतलेला असतो. चित्रपटात त्या पतीच्या केवळ दुबळेपणाचा मोघम उल्लेख उरला. त्यामुळे ब्लांशच्या अपराधाचे कारण पुसट झाले आणि तिच्या दुःखाचा एक पायाच ढासळला.

दुसरे स्थळ बलात्काराचे. ते काढण्यास विल्यम्स आणि कझान यांनी ठाम नकार दिला. शेवटी तडजोड झाली, ती अशी की अपराध्याला शिक्षा दिसली पाहिजे. म्हणून चित्रपटाच्या अखेरीस स्टेला मुलाला उचलून घेते, आता परत येणार नाही असे म्हणते आणि वरच्या मजल्यावरील शेजारणीकडे निघून जाते. वरवर पाहता हा ब्लांशला मिळालेला न्यायच आहे. पण नाटककाराला सांगायचे होते ते हे, की जगात असा न्याय मिळत नाही. नीतिरक्षकांनी न्याय दिला आणि त्या न्यायाआड सत्य झाकले.

एवढ्यावरही भागले नाही. चित्रपट पुरा झाल्यानंतर लीजनने तो निषिद्ध ठरविण्याची भीती घातली, तेव्हा चित्रसंस्थेने दिग्दर्शकाला न विचारता आणखी काही मिनिटांचा भाग कापला. स्टेला जिन्यावरून नवऱ्याकडे उतरते त्या दृश्याचे संगीतसुद्धा फार कामुक आहे म्हणून बदलण्यात आले. कझान यांनी ‘न्यूयॉर्क टाइम्स’मध्ये लेख लिहून ही हकीकत चव्हाट्यावर मांडली. कापलेला भाग जोडलेली प्रत लोकांसमोर आली ती १९९३ साली. तोवर विल्यम्स यांना जाऊन दहा वर्षे लोटली होती.

आता या इतिहासातील सर्वांत दुःखद वळण येते. आपल्या कलाकृतीतील शब्द परस्पर कापले गेले म्हणून जाहीर तक्रार करणारे हेच कझान पुढील वर्षी, १० एप्रिल १९५२ रोजी, अमेरिकन संसदेच्या चौकशी समितीपुढे उभे राहिले आणि तरुणपणी आपल्याबरोबर कम्युनिस्ट पक्षात असलेल्या आठ सहकाऱ्यांची नावे त्यांनी सांगितली. त्या काळी नाव सांगणे म्हणजे त्या माणसाच्या पोटावर पाय देणे होते. ज्याचे नाव घेतले गेले त्याला हॉलिवुडचे दार बंद होई. ज्याने नाव घेतले त्याला काम मिळत राही. भाषा आणि सत्ता यांचे नाते याहून उघड्या रूपात क्वचितच दिसले असेल. येथे एकेका विशेषनामाला बाजारभाव आला होता.

कझान यांचे मित्र आणि सहकारी आर्थर मिलर यांना चित्रधंद्याची ही रीत आधीच कळून चुकली होती. बंदरावरील मजुरांच्या जीवनावर त्यांनी एक चित्रकथा लिहिली होती. तीतील भ्रष्ट पुढारी कम्युनिस्ट दाखवावेत अशी मागणी झाली तेव्हा त्यांनी ती परत घेतली. त्यांचे ‘डेथ ऑफ अ सेल्समन’ हे नाटक १९४९ साली गाजले होते. विली लोमन या फिरत्या विक्रेत्याची शोकांतिका अशी की त्याच्यापाशी स्वतःचे शब्दच नाहीत. लोकांना आवडावे, हसतमुख असावे, ओळखी वाढवाव्या, ही धंद्याची घोषवाक्ये त्याने जन्मभर सत्य म्हणून उराशी धरली. नोकरीसाठी तो तरुण मालकापुढे गयावया करतो, तेव्हा तो मालक नव्या ध्वनिमुद्रण यंत्रावर आपल्या चिमुकल्या मुलाने म्हटलेली राज्यांच्या राजधान्यांची यादी ऐकविण्यात गर्क असतो. यंत्रातील आवाजाला कान आहेत, समोरच्या माणसाच्या आवाजाला नाहीत. सत्तेचे इतके साधे आणि इतके निष्ठुर चित्र शोधून सापडणार नाही. १९५१ साली या नाटकाचा चित्रपट निघाला, तेव्हा चित्रसंस्थेला धंदेवाल्यांच्या रोषाची धास्ती वाटली. तिने चित्रपटाआधी दाखविण्यासाठी एक छोटा अनुबोधपट तयार करविला. विक्रेत्याचा व्यवसाय किती सुखाचा आणि प्रतिष्ठेचा आहे हे त्यात जाणत्या अध्यापकांच्या तोंडून सांगितले होते. मिलर यांनी फिर्यादीची धमकी दिली तेव्हा कोठे तो मागे घेण्यात आला. शब्द कापण्याऐवजी त्याच्या शेजारी दुसरा शब्द उभा करून पहिल्याला खोटे पाडणे, ही नियंत्रणाची दुसरी तऱ्हा होय.

२२ जानेवारी १९५३ रोजी मिलर यांचे ‘द क्रूसिबल’ रंगभूमीवर आले. कथा १६९२ सालची, मॅसॅच्युसेट्समधील सेलम गावची. तेथील चेटूक प्रकरणात एकोणीस जणांना फाशी झाले आणि एका वृद्धाला दगडांखाली चिरडून मारण्यात आले. त्या न्यायालयाचे तर्कशास्त्र उरफाटे होते. ज्याने चेटकाची कबुली दिली आणि ती मागे घेतली नाही, तो वाचला. जो आपण निर्दोष आहोत असे म्हणत राहिला, तो फासावर गेला. कबुलीबरोबर आणखी नावेही हवी असत. बार्बेडोसहून आणलेली टिट्युबा ही गुलाम स्त्री मार आणि मरण यांच्या भीतीने पहिल्यांदा कबुली देते. विचारणाऱ्यांना काय ऐकायचे आहे हे ती क्षणात ओळखते आणि तेच बोलू लागते. गुलामाला जगण्यासाठी धन्याच्या मनातले वाक्य आधी ओळखावे लागते, ही विद्या तिला कोणी शिकवावी लागली नाही. उलट टोकाला शेतकरी जॉन प्रॉक्टर आहे. जीव वाचविण्यासाठी तो खोटी कबुली देण्यास तयार होतो. पण सही केलेला कागद चर्चच्या दारावर लावला जाणार हे कळताच तो कागद फाडून टाकतो. दुसऱ्या कोणाचे नाव तर तो घेतच नाही. बोललेला शब्द आणि सहीचा कागद यांतील अंतर ओळखणारा हा अडाणी शेतकरी न्यायाधीशांपेक्षा शहाणा ठरतो.

मिलर यांना १९५४ साली या नाटकाच्या ब्रुसेल्स येथील प्रयोगाला जाण्यासाठी पारपत्र नाकारण्यात आले. २१ जून १९५६ रोजी तेही त्याच समितीपुढे उभे राहिले. स्वतःविषयी बोलण्यास ते तयार होते. इतरांची नावे सांगण्यास त्यांनी नकार दिला. १९५७ साली संसदेच्या अवमानाबद्दल ते दोषी ठरले आणि १९५८ साली वरिष्ठ न्यायालयाने ती शिक्षा रद्द केली. आपल्या पात्राच्या तोंडी घातलेले शब्द लेखकाला स्वतः जगून दाखवावे लागावेत, असे वाङ्मयाच्या इतिहासात फार वेळा घडत नाही.

हॉलिवुडने त्या काळी या नाटकाला हात लावला नाही. त्याचा पहिला चित्रपट १९५७ साली फ्रेंच भाषेत निघाला. त्याची पटकथा ज्याँ-पॉल सार्त्र यांची होती. अमेरिकेने तो इंग्रजीत केला १९९६ साली, म्हणजे नाटकानंतर त्रेचाळीस वर्षांनी, आणि पटकथा लिहिली वृद्ध मिलर यांनी. या चित्रपटाच्या आरंभी जंगलात जमलेल्या मुलींचे दृश्य आहे. नाटकात ते कधीच दिसत नाही. जंगलात काय झाले ते आपण केवळ निरनिराळ्या साक्षींतून ऐकतो. मला हा फरक मोलाचा वाटतो. सेलमची भीती अशी होती की तेथे कोणी काही पाहिलेले नव्हते; होती ती फक्त जबानी. पडद्याने प्रेक्षकाला प्रत्यक्षदर्शी केले आणि नकळत त्या भीतीची धार थोडी बोथट केली. येथे कोणा अधिकाऱ्याने कात्री चालविली नव्हती. डोळ्यांची कानांवर जी स्वाभाविक सत्ता असते, तिचाच हा परिणाम होता.

आतापर्यंत आपण धाकदपटशाची भाषा पाहिली. लोरेन हॅन्सबेरी यांनी सौजन्याची भाषा दाखविली, आणि ती अधिक घातक आहे. त्यांचे ‘अ रेझिन इन द सन’ हे ११ मार्च १९५९ रोजी रंगभूमीवर आले. ब्रॉडवेवर आलेले कृष्णवर्णी स्त्रीचे ते पहिले नाटक. शिकागोतील एका कृष्णवर्णी कुटुंबाला घरधन्याच्या मृत्यूनंतर दहा हजार डॉलरचा विमा मिळतो आणि आई त्यातून गोऱ्या वस्तीत घर घेते. त्या वस्तीचा प्रतिनिधी लिंडनर घरी येतो. तो आवाज चढवीत नाही, शिवी देत नाही. आपसांत समजूत असावी, मने दुखावू नयेत, असे मधाळपणे बोलत बोलत घर परत विकत घेण्याची रक्कम पुढे करतो. हॅन्सबेरी यांना ही भाषा घरातच ऐकायला मिळाली होती. त्यांच्या वडिलांनी शिकागोत असेच घर घेतले होते, आणि तो तंटा सर्वोच्च न्यायालयात जाऊन १९४० साली त्यांच्या बाजूने निकाल लागला होता.

या नाटकाचा कळस भाषेतच आहे. पैसे बुडाल्यावर हताश झालेला मुलगा वॉल्टर लिंडनरची रक्कम घेण्याचे ठरवितो, आणि त्याच्यापुढे कसे लाचार बोलायचे याची घरच्यांसमोर नक्कल करून दाखवितो. ती गुलामगिरीच्या काळातील नोकराची बोली आहे. पण लिंडनर प्रत्यक्ष समोर आल्यावर, शेजारी आपला लहान मुलगा उभा असताना, ती बोली त्याच्या तोंडातून बाहेर पडत नाही. तो चाचरत, साध्या शब्दांत, आम्ही येथे राहायला येणार असे सांगतो. १९६१ साली या नाटकाचा चित्रपट झाला. पटकथा हॅन्सबेरी यांचीच होती, आणि शिकागोच्या रस्त्याबाजारांतून त्या कुटुंबाचा रोजचा अपमान दाखविणारी नवी दृश्ये त्यांनी लिहिली होती. त्यांतील बहुतेक गळली. पडद्याला घराबाहेर पडण्याची जी सोय असते तीच येथे नाकारली गेली. त्यांची ती मूळ पटकथा छापली गेली १९९२ साली. लेखिका १९६५ मध्येच, अवघ्या चौतिसाव्या वर्षी, निवर्तल्या होत्या.

नीतिसंहितेच्या भिंतीला मोठे खिंडार पाडले ते एडवर्ड ऑल्बी यांच्या ‘हूज अफ्रेड ऑफ व्हर्जिनिया वूल्फ?’ या नाटकाने. ते १३ ऑक्टोबर १९६२ रोजी रंगभूमीवर आले. इतिहासाचा प्राध्यापक जॉर्ज आणि महाविद्यालयाच्या अध्यक्षांची मुलगी मार्था एका रात्री तरुण पाहुण्यांसमोर एकमेकांची लक्तरे वेशीवर टांगतात. दोघांमध्ये एक मुलगा आहे, पण तो केवळ शब्दांचा बनलेला आहे. त्याच्याविषयी बाहेर कोणाजवळ बोलायचे नाही असा नियम असतो. मार्था तो मोडते, तेव्हा जॉर्ज एका काल्पनिक तारेची वार्ता सांगून त्या मुलाला मारून टाकतो. शब्दाने जन्मलेले मूल शब्दानेच मरते आणि आईचा शोक मात्र खरा असतो. १९६३ साली परीक्षकांनी या नाटकाची पुलित्झर पारितोषिकासाठी शिफारस केली. वरिष्ठ मंडळाने ती फेटाळली आणि त्या वर्षी नाटकाला पारितोषिकच दिले नाही. दोन परीक्षकांनी राजीनामे दिले.

माइक निकल्स यांनी १९६६ साली या नाटकाचा चित्रपट केला. पटकथाकार अर्नेस्ट लेहमन यांनी ऑल्बी यांची वाक्ये बहुतांशी जशीच्या तशी ठेवली. संहितेच्या कार्यालयाने प्रमाणपत्र नाकारले; अपिलात मात्र अपवाद म्हणून परवानगी मिळाली. चित्रसंस्थेने अठरा वर्षांखालील मुलांना पालकांवाचून प्रवेश नाही अशी अट स्वतःच घातली. एका शब्दाला परवानगी मिळाली आणि सारी इमारत हलली. १ नोव्हेंबर १९६८ रोजी जुनी संहिता जाऊन वयोमानानुसार वर्गीकरणाची पद्धत आली. काय बोलायचे हे ठरविण्याऐवजी कोणी ऐकायचे, एवढेच आता ठरवायचे होते.

मग शब्द मोकळा झाला काय? डेव्हिड मॅमेट यांचे ‘ग्लेनगॅरी ग्लेन रॉस’ वाचल्यावर या प्रश्नाचे उत्तर देणे अवघड होते. १९८४ साली पुलित्झर मिळविणाऱ्या या नाटकात शिव्यांना अंत नाही. शिकागोतील जमिनीच्या दलालांच्या कचेरीत स्वतः मॅमेट यांनी काही काळ काम केले होते. या दलालांचे बोलणे स्वैर आहे, परंतु ते स्वतंत्र नाही. विक्रीच्या आकड्याने त्यांचे एकेक वाक्य बांधलेले आहे. एका प्रवेशात मॉस नावाचा दलाल आपल्या सोबत्याशी कचेरी फोडण्याच्या बेताविषयी गप्पा मारतो आणि शेवटी त्याला गुन्ह्यात सामील ठरवितो. सोबत्याचा अपराध काय, तर त्याने ऐकून घेतले. सेलममध्ये बोलल्यामुळे माणसे मेली; येथे नुसते ऐकणेही अंगाशी येते. १९९२ च्या चित्रपटासाठी मॅमेट यांनी एक नवे पात्र लिहिले. वरिष्ठ कार्यालयातून आलेला हा माणूस सांगतो की विक्रीत पहिल्या येणाऱ्याला मोटारगाडी, दुसऱ्याला सुऱ्यांचा संच आणि तिसऱ्याला नारळ. एकजण त्याला नाव विचारतो, तर उत्तरादाखल तो शिवी हासडतो. नाटकात मालक कधी दिसत नाहीत. चित्रपटाने सत्तेला तोंड दिले, पण नाव दिले नाही.

या कथेचा शेवट मी ऑगस्ट विल्सन यांच्यापाशी करतो, कारण शब्दाची मालकी या प्रश्नाला त्यांनी आपल्या नाटकात आणि व्यवहारात सारखेच उत्तर दिले. त्यांच्या ‘फेन्सेस’ला १९८७ साली पुलित्झर मिळाले. पिट्सबर्गमधील कचरा उचलणारा ट्रॉय मॅक्सन हा निरक्षर आहे, पण त्याच्या तोंडच्या कथा महाकाव्याच्या तोलाच्या आहेत. चित्रसंस्थेने हक्क घेतले तेव्हा विल्सन यांनी अट घातली की दिग्दर्शक कृष्णवर्णी हवा, कारण या लोकांची बोली ज्याच्या अंगात मुरली आहे त्यानेच ती पडद्यावर न्यावी. त्या अटीपायी चित्रपट वर्षानुवर्षे रखडला. विल्सन २००५ साली वारले. डेन्झेल वॉशिंग्टन यांनी तो २०१६ मध्ये पूर्ण केला आणि पटकथाकार म्हणून विल्सन यांचेच नाव झळकले. अकरा वर्षांपूर्वी गेलेल्या लेखकाचा शब्द अखेर राखला गेला.

त्यांच्या ‘मा रेनीज ब्लॅक बॉटम’ या १९८४ मध्ये ब्रॉडवेवर आलेल्या नाटकात तर हाच प्रश्न कथावस्तू आहे. १९२७ साली शिकागोच्या स्टुडिओत गाणे ध्वनिमुद्रित करण्यासाठी आलेली मा रेनी हिला पक्के ठाऊक आहे की आवाज तबकडीत गेला की या गोऱ्या मालकांना तिची गरज नाही. म्हणून परवानगीच्या कागदावर ती शेवटपर्यंत सही करीत नाही. गाण्याच्या आरंभीचे बोल आपल्या तोतऱ्या भाच्यानेच म्हटले पाहिजेत असा ती हट्ट धरते, आणि चार तबकड्या वाया गेल्या तरी बेहत्तर, तो म्हणेपर्यंत सर्वांना थांबवून ठेवते. ज्याला बोलताच येत नाही त्याला बोलू देणे, यातच तिची सत्ता सिद्ध होते. उलट लेव्ही हा तरुण वादक आपली गाणी मालकाच्या हाती ठेवतो आणि प्रत्येकी पाच डॉलरवर बोळवला जातो. २०२० च्या चित्रपटाने अखेरीस एका दृश्याची भर घातली. लेव्हीचे गाणे गोऱ्या वादकांचा ताफा निर्जीवपणे ध्वनिमुद्रित करीत आहे. नाटकात नसलेले हे दृश्य नाटकाचा आशय पुरा करते. रूपांतराने मूळ शब्दाशी इमान राखून त्याला पुढे नेले, असे हे उदाहरण आहे.

मराठी वाचकाला हा सारा इतिहास परका वाटू नये. विजय तेंडुलकरांनी ‘स्ट्रीटकार’ मराठीत आणले आणि त्याला ‘वासनाचक्र’ हे नाव दिले. न्यू ऑर्लिन्सच्या ट्रामचे चाक या शीर्षकात अजून फिरते आहे असे मला नेहमी वाटते. आपल्याकडे तर रंगभूमीलाही ती मोकळीक नव्हती. खाडिलकरांच्या ‘कीचकवधा’वर १९१० साली सरकारने बंदी घातली, आणि १९७२ साली तेंडुलकरांच्या ‘सखाराम बाइंडर’ला न्यायालयाची पायरी चढावी लागली. अमेरिकेने चित्रपटाला भाषणस्वातंत्र्य १९५२ साली दिले. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने १९७० साली चित्रपटाची पूर्वतपासणी घटनेला धरूनच आहे असा निर्वाळा दिला.

धन्यांची नावे बदलत जातात. कधी तो धर्मरक्षक असतो, कधी संसदेची समिती, कधी बाजार. पण ब्लांशने सांगितलेले खरे मानायचे की नाही, प्रॉक्टरने कागदावर सही करायची की नाही, आणि तोतऱ्या मुलाचे वाक्य पुरे होईपर्यंत थांबायचे की नाही, हे तीन प्रश्न जेथे जेथे माणसे एकत्र राहतात तेथे तेथे रोज उभे राहतात. नाट्यगृहातून बाहेर पडणाऱ्या प्रेक्षकाच्या हाती नाटककार तेच सोपवून जातो.